काठावरचे कारभारी

२०२१ च्या ऑगस्ट महिन्यातली एक शनिवारची संध्याकाळ. कोरोनामुळे महाविद्यालये बंद होती आणि आम्ही मास्तर मंडळी घरी बसून यंत्राच्या पडद्यासमोर व्याख्याने झोडीत होतो. सोमवारच्या तासाची टिपणे मी काढीत होतो. शेजारच्या खोलीत माझा भाचा इंग्लंडातला फुटबॉलचा सामना पाहत होता. शिक्षणासाठी तो आमच्याकडेच राहतो. पाच वाजता सामना सुरू झाला. साडेपाचच्या सुमारास आतून पहिला सुस्कारा ऐकू आला. पुढे बराच वेळ नुसती शांतता. मग दार धाडकन उघडले आणि चिरंजीव माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"मामा, आता ह्या माणसाचं काय खरं नाही! ह्याला हाकललाच पाहिजे."

घाबरून मी विचारले, "कुणाला रे?"

"आर्टेटाला! पाच गोल खाल्ले. तीन सामने झाले, तिन्ही हरलो आणि एक गोल करता आला नाही!"

'हरलो' या क्रियापदातल्या 'आम्ही'ने मी चकित झालो. जन्मात कोल्हापूरच्या पलीकडे पुण्यापर्यंत गेलेला हा मुलगा. लंडनच्या उत्तर भागातील आर्सेनल नावाच्या क्लबाशी याचा संबंध काय? पण त्याचा चेहरा घरात काही वाईट घडावे तसा उतरला होता. मी टिपणे बाजूला ठेवली आणि म्हटले, "बैस. काय झाले ते नीट सांग."

त्या संध्याकाळी मी जे ऐकले आणि पुढे चार वर्षे त्याच्या मागे लागून जे वाचले-पाहिले, त्याची ही हकिगत. ज्या वाचकांना फुटबॉलचा गंध नाही त्यांनी बिचकू नये. ही हकिगत चेंडूची कमी आणि माणसांची जास्त आहे.

पेठेचा अभिमान

वास्तविक कोल्हापूरकराला हे वेड समजावून सांगायला नको. आमच्या गावात फुटबॉल वाढला तो कुस्तीच्या तालमींच्या अंगणात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या नुसत्या तालमी नव्हेत, त्यांचे फुटबॉलचे संघही आहेत. छत्रपती शाहू स्टेडियमवर या संघांचे सामने असले म्हणजे अख्खी पेठ तिथे लोटते. 'गडी आत का घेतला नाही?', 'त्याला डावीकडं कशाला उभा केला?' असे प्रश्न गॅलरीतून मैदानावर भिरकावले जातात. प्रश्न विचारणारा गृहस्थ आयुष्यात कधी चेंडूला पाय लावलेला असेलच असे नाही. स्वयंपाक येत नाही म्हणून आमटी खारट झाल्याचे कळत नाही, असे थोडेच आहे!

तेव्हा हे काठावरचे कारभारी आमच्या परिचयाचेच. फरक इतकाच, की इंग्लंडात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हा कारभार चालू आहे आणि त्याचा रोख एका विशिष्ट माणसावर असतो. त्या माणसाला तिकडे मॅनेजर म्हणतात.

मॅनेजर म्हणजे हिशेब पाहणारा नव्हे. अकरा गडी कोणते उतरवायचे, ते कसे उभे करायचे, कोणाला केव्हा बाहेर काढायचे, आठवडाभर सराव काय करून घ्यायचा, हे सारे त्याच्याकडे. मात्र एकदा सामना सुरू झाला, की तो बिचारा रेषेबाहेर उभा राहून हातवारे करण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही. गोल चुकवतो खेळाडू आणि शिव्या खातो मॅनेजर. चांगल्या नाटकात नट मोठा आणि पडलेल्या नाटकात दिग्दर्शक खोटा, असा हा न्याय!

तिसरा बचावपटू

आर्सेनल क्लब १८८६ साली वूलिच येथील शस्त्रास्त्रांच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढला. १९१३ साली तो हायबरीला आला. पण त्याला मोठेपणा आला तो १९२५ साली आलेल्या हर्बर्ट चॅपमन या मॅनेजरमुळे.

त्याच वर्षी ऑफसाइडचा नियम बदलला. चेंडू पुढे दिला जात असताना पुढच्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे तीन गडी असावे लागत, ते आता दोन पुरेसे झाले. आघाडीवाल्यांना रान मोकळे मिळाले आणि गोलांचा पाऊस पडू लागला. ऑक्टोबरात न्यूकॅसलने आर्सेनलला सात गोल घातले, आर्सेनलचा एकही नाही. तेव्हा चार्ली बुकन या आपल्याच खेळाडूचे म्हणणे ऐकून चॅपमनने मधल्या फळीतला मधला गडी मागे ओढला आणि दोन बचावपटूंच्या मध्ये उभा केला. दोनच दिवसांनी वेस्ट हॅमविरुद्ध आर्सेनलने चार गोलांनी विजय मिळवला. या मांडणीचा आकार इंग्रजी 'डब्ल्यू' आणि 'एम' या अक्षरांसारखा दिसे, म्हणून ती त्याच नावाने जगभर गेली.

पण येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एवढी युक्ती सापडूनही पहिला मोठा करंडक हाती यायला १९३० साल उजाडावे लागले. म्हणजे मध्ये पाच वर्षे गेली. पुढे १९३१ व १९३३ साली संघाने लीग जिंकली. १९३४ च्या जानेवारीत चॅपमन न्यूमोनियाने वारला, तरी त्याने उभारलेल्या संघाने त्या आणि त्यापुढच्या वर्षीही लीग जिंकली. जवळच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकाला १९३२ पासून 'आर्सेनल' हेच नाव आहे!

हा कोण आर्सेन?

आता ज्या माणसाने आर्सेनलच्या प्रेक्षकांची खरी परीक्षा घेतली, त्याच्याकडे वळू. आर्सेन वेंगर हा फ्रेंच गृहस्थ १९९६ च्या ऑक्टोबरात जपानमधून आला. तेव्हा लंडनच्या एका सायंदैनिकाने 'हा कोण आर्सेन?' अशा अर्थाचा मथळा दिला होता. उंच, चष्मा लावणारा, प्राध्यापकासारखा दिसणारा. (आमच्या पेशाची एवढी जाहिरात फुटबॉलमध्ये दुसऱ्या कोणी केल्याचे स्मरत नाही.) त्याने खेळाडूंची चॉकलेटे बंद केली, उकडलेल्या भाज्या आणि मासे पानात वाढायला लावले, अंग ताणण्याचे व्यायाम सुरू केले. जुने गडी कुरकुरले. पण १९९८ मध्ये त्याच गड्यांनी लीग आणि एफ. ए. कप ही दोन्ही बक्षिसे एकाच हंगामात मिळवली. २००२ मध्ये पुन्हा तेच घडले. आणि २००३-०४ च्या हंगामात तर कमालच झाली. ३८ सामने, २६ विजय, १२ बरोबरी, पराभव एकही नाही!

त्या काळी प्रेक्षकांना वेंगरचे काहीच चुकत नसे. त्याने थिएरी आंरीला कडेवरून उचलून मध्यभागी गोल मारण्यास लावले, तर ती दूरदृष्टी. एखादा नामांकित खेळाडू विकला, तर तो धोरणीपणा.

मग २००६ साली क्लबाने जुने हायबरी सोडून सुमारे साठ हजार प्रेक्षकांचे नवे मैदान बांधले. घर बांधले म्हणजे संसारात काटकसर आलीच. तयार मोहरे विकत घेण्याऐवजी कोवळी पोरे वाढवायची आणि ती मोठी झाली की दुसऱ्याच कोणी उचलून न्यायची, असे सुरू झाले. आंरी गेला, फाब्रेगास गेला. २०१२ साली व्हॅन पर्सी गेला तो थेट मँचेस्टर युनायटेडकडे, आणि पुढच्याच वर्षी त्यांना लीग जिंकून देता झाला! २००५ च्या मे महिन्यानंतर २०१४ च्या मेपर्यंत आर्सेनलला एकही करंडक नाही. २०११ मध्ये मँचेस्टरला आठ गोल खाल्ले. २०१४ मध्ये वेंगरच्या कारकिर्दीतला हजारावा सामना आला. त्या मंगल दिवशी चेल्सीने आहेर केला तो सहा गोलांचा!

आता तीच माणसे, तीच डोकी, उलटे बोलू लागली. दूरदृष्टीचा झाला हेकटपणा, काटकसरीची झाली कंजुषी. त्याच वर्षी डिसेंबरात स्टोक येथे हरल्यावर तो आगगाडीत चढत असताना फलाटावरच्या आपल्याच पाठीराख्यांनी त्याला अपशब्द ऐकवले. २०१७ च्या मार्चमध्ये तर एक अजब दृश्य दिसले. वेस्ट ब्रॉमविच येथे सामना चालू असताना आकाशात दोन विमाने आली. एकाच्या शेपटीला 'वेंगर नको' या आशयाचा फलक आणि दुसऱ्याच्या शेपटीला 'आमचा वेंगरवर विश्वास आहे' या आशयाचा! दोन्ही विमाने आर्सेनलच्याच पाठीराख्यांची. खाली मैदानावर संघ ३-१ असा हरत होता आणि वर आकाशात घरातले भांडण चालू होते.

शितावरून भाताची परीक्षा

भाच्याशी बोलताना मी एकदा मास्तरी प्रश्न विचारला. "काय रे, संघ हरला तो मॅनेजरच्या डावपेचामुळे की नशिबामुळे, हे तुम्ही कसे ठरवता?"

"दिसतं की मामा!"

पण खरोखर दिसते का? क्रिकेटमध्ये दिवसाकाठी शेकडो चेंडू पडतात. चांगला फलंदाज आज ना उद्या कळतोच. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत दोन-तीन गोल होतात. एक चेंडू खांबाला लागून आत गेला की मॅनेजर पंडित, बाहेर गेला की गाढव. पेनल्टीसारखी सोन्याची संधीसुद्धा चारांपैकी सुमारे एकदा वाया जाते. तेव्हा दोन-चार सामन्यांच्या निकालावरून एखाद्याची योग्यता ठरवणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. आणि तेही शीत असे, की जे दर वेळी निराळे निघते.

म्हणून अलीकडे जाणकार मंडळी निराळे माप वापरतात. कोणत्या जागेवरून, कोणत्या कोनातून मारलेला फटका सर्वसाधारणपणे किती वेळा आत जातो, याचा हजारो फटक्यांवरून हिशेब करायचा आणि संघाने किती गोल 'करायला हवे होते' हा आकडा काढायचा. मग कळते, की अमुक संघ हरला खरा, पण खेळला बरा. निदान दहा-पंधरा सामन्यांचा हा हिशेब पाहिला, तर घसरण खरी की भासमान याचा थोडा अदमास लागतो.

आणखी एक गंमत. संघ अगदी तळाला गेला म्हणजे मॅनेजरला काढतात. नवा येतो आणि संघ जिंकू लागतो. 'पाहिलेत? बदल केला म्हणून!' असे लोक म्हणतात. पण ताप अगदी चढला असताना जो वैद्य बोलावला जातो, त्याला उताराचे श्रेय आयतेच मिळते. ताप पुष्कळदा आपल्या पायांनी उतरणारच असतो. नव्याचे नऊ दिवस संपले की कळते, की खोकला तसाच आहे.

फर्ग्युसनचा दाखला

'थोडे थांबा' म्हणणाऱ्यांच्या हाती एक हुकमी पत्ता असतो. तो म्हणजे मँचेस्टर युनायटेडचा अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. तो १९८६ च्या नोव्हेंबरात आला. तीन वर्षे झाली तरी हाती काही नाही. १९८९ च्या डिसेंबरात घरच्याच मैदानावर एका पाठीराख्याने 'तीन वर्षांच्या सबबी पुरे' अशा अर्थाचा फलक धरला. पुढच्या जानेवारीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्धच्या सामन्यात मार्क रॉबिन्सने एक गोल केला. त्या वर्षी संघाने एफ. ए. कप जिंकला, १९९३ साली लीग जिंकली, आणि २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत फर्ग्युसनच्या खात्यावर तेरा लीग जमा झाल्या.

दाखला खरा आहे. पण मला त्यात एक खोच दिसते. ज्याला वेळ दिला आणि जो मोठा झाला, त्याची गोष्ट आपण सांगतो. ज्याला वेळ दिला आणि जो तसाच राहिला, त्याचे नावही कोणी काढत नाही. सगळीच रोपे पाणी घातल्याने आंबा होत नाहीत, काही बाभळीची असतात. तेव्हा 'धीर धरा' हा उपदेश पुरेसा नाही. धीर कशाच्या आधारावर धरायचा, हे सांगता आले पाहिजे.

पुढे काय झाले

आता आर्टेटाची गोष्ट. मिकेल आर्टेटा हा वेंगरच्याच हाताखाली पाच वर्षे खेळलेला स्पॅनिश खेळाडू. २०१९ च्या डिसेंबरात मॅनेजर म्हणून आला. पुढच्या ऑगस्टमध्ये रिकाम्या मैदानात त्याने एफ. ए. कप जिंकला, पण लीगमध्ये संघ दोन हंगाम आठव्या क्रमांकावर राहिला. आणि मग ते तीन सामने. ब्रेंटफर्डकडून दोन, चेल्सीकडून दोन आणि मँचेस्टर सिटीकडून पाच. गोल खाल्ले नऊ, केला शून्य. वीस संघांत क्रमांक विसावा.

त्या संध्याकाळी भाच्याला मी विचारले होते, "अरे, पण खेळले कोण? तुमचे नेहमीचे गडी होते का?" तो चाचरला. मग त्याच्याच तोंडून कळले, की बचावफळीतले दोन गडी आजार-दुखापतीने बाहेर, शिवाय मधल्या फळीतला झाका पहिल्या अर्ध्यातच लाल कार्ड दाखवून हाकलला गेलेला. पुढचा सामना नॉर्विचशी झाला, तेव्हा गोलरक्षक बदलला होता आणि बचावफळीतल्या चौघांपैकी तिघे वेगळे होते. तो सामना आर्सेनलने एका गोलाने जिंकला. हंगामाअखेर संघ पाचवा आला. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तीन वर्षे तो दुसरा आला. त्यांपैकी २०२४ मध्ये ८९ गुण मिळवूनही मँचेस्टर सिटीचे ९१ आडवे आले.

ज्या भाच्याने 'हाकला' म्हणून दार आपटले होते, तोच मला बचावपटूने आत सरकून मधल्या फळीत कसे खेळावे हे भाताच्या मुदीभोवती वाटाण्याचे दाणे मांडून समजावू लागला. कॉर्नरचा चेंडू हवेत असताना गोलरक्षकाच्या भोवती कोणी उभे राहायचे, याची व्यूहरचना त्याला पाठ! मी म्हटले, "तू तर ह्याला हाकलणार होतास."

तो हसला नाही. म्हणाला, "मामा, मी चुकलोच. पण दुसऱ्यांदा दुसरे येऊन आनंद मानायचा का? आता पुन्हा विचारायला नको का, की हा माणूस शेवटची पायरी चढवणार की नाही?"

खरे सांगतो, यावर मला उत्तर सुचले नाही. कारण प्रश्न रास्त होता. विमानावर फलक लावणाऱ्यांची रीत असभ्य होती, पण त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असे मला म्हणवत नाही. त्याच २०१७ च्या मे महिन्यात वेंगरने सातवा एफ. ए. कप जिंकला, तसा विक्रम दुसऱ्या कोणा मॅनेजरच्या नावावर नाही. त्याचा करार दोन वर्षांनी वाढला. पण संघ काही सावरला नाही आणि एका वर्षातच, २०१८ मध्ये, तो गेला. त्याच्या शेवटच्या सामन्याच्या वेळी हडर्सफील्डच्या आकाशात पुन्हा एक विमान आले. या खेपेला फलकावर होते, 'आभार आर्सेन, आम्हालाही तुमची आठवण येईल.' २०२३ साली नव्या मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. आयुष्यात दोन्ही प्रकारची विमाने पाहण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते!

आमचा निकाल

आता शेवटी घरची गोष्ट सांगतो. हल्ली महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांकडून शिक्षकांविषयी अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतात. नावे नसतात. त्या कोरोनाच्या वर्षाअखेर माझ्या हाती माझे फॉर्म आले. पुष्कळांनी चांगले लिहिले होते. पण तिघाचौघांनी लिहिले होते, 'सर फार लांबण लावतात. मूळ कविता तास संपताना सुरू होते.'

मी संतापलो. वीस वर्षे शिकवतो आहे! कविता शिकवण्यापूर्वी तिची पार्श्वभूमी नको? कालची पोरे मला शिकवणार? जेवताना मी हे सारे सौभाग्यवतींना ऐकवीत होतो. भाचा खाली मान घालून जेवत होता. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसले.

"काय रे?"

"काही नाही मामा. वेंगरही असंच म्हणायचा."

मी गप्प बसलो. जुलैत नवे वर्ग सुरू झाले तेव्हा पहिल्याच तासाला पार्श्वभूमी बाजूला ठेवली आणि आधी कविता वाचून दाखवली. मग मुलांनी प्रश्न विचारले, आणि पार्श्वभूमी त्या प्रश्नांतूनच आली. तास बरा झाला. पुढचा तितका बरा झाला नाही. एका तासावरून काही ठरवायचे नाही, एवढे मी एव्हाना शिकलो आहे.

भाच्याने मात्र अजून निकाल दिलेला नाही. म्हणतो, "दहा-पंधरा तास होऊ देत मामा, मग बघू."